कमी खर्चात, हसतखेळत शाळेसाठी निधी: इंदूरच्या पालक संघांना वारंवार पडणारे प्रश्न

इंदूरमधल्या एका शाळेच्या पालक संघाची मी काही वर्षं खजिनदार होते. दुसऱ्या शाळांतल्या आया आणि बाबा अजूनही फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. शाळा मराठी माध्यमाची असो, हिंदी असो की इंग्रजी, बहुतेक गोष्टी सगळीकडे चालतील.

सुरुवात कुठून करायची? आधी कार्यक्रम ठरवायचा की आधी रक्कम?

आधी वस्तू ठरवा. "शाळेच्या विकासासाठी" असं म्हटलं की कुणाचा हात खिशाकडे जात नाही. "पहिली-दुसरीच्या वर्गांत वाचनकोपरा, त्यासाठी दोन कपाटं, चार सतरंज्या आणि दीडशे पुस्तकं" असं सांगितलं की लोक विचारतात, कपाट कुठून घेणार, आमच्या ओळखीचा सुतार आहे. म्हणजे निधी जमायच्या आधीच खर्च कमी व्हायला लागतो. मुख्याध्यापकांशी बोला, शाळेला खरोखर काय हवंय ते विचारा, दोन दुकानांतून भाव काढा आणि आकडा फलकावर लिहा.

पहिल्या वर्षी आकडा लहानच असू द्या. पंधरा-वीस हजारांचं एक काम पूर्ण झालेलं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, की पुढच्या वर्षी त्यांना समजावत बसावं लागत नाही.

इतका खटाटोप कशाला? प्रत्येक घराकडून पाचशे रुपये घेतले तर काम एका आठवड्यात होईल.

होईल. पण ज्या घरात तीन मुलं शिकतात, ज्या बाबांचं काम महिनाभर बंद होतं, त्या घराला ते पाचशे जड जातात आणि ते कुणाला सांगता येत नाही. मग मुलाच्या नावापुढे "बाकी" असं लिहिलं जातं. एका लहान मुलीने वर्गात वाचल्या गेलेल्या त्या यादीमुळे दोन दिवस शाळेत यायचं टाळलेलं मी पाहिलं आहे. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पालक संघाने पैसा मागायचा नाही, मेहनतीतून उभा करायचा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो विकत घेईल, ज्याच्याकडे वेळ आहे तो पोहे करेल, आणि दोघांचं नाव एकाच यादीत येईल.

शिवाय कायदाही आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्रवेश देताना जाहीर फीखेरीज कोणतीही देणगी घेता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या खिडकीशेजारी पालक संघाचं टेबल मांडूच नका. नंतरही देणगी पूर्ण ऐच्छिक हवी, आणि कुणी दिली-न दिली याची यादी वर्गात जायला नको.

"कमी खर्च" म्हणजे नक्की किती कमी?

माझा नियम असा: किराणा सोडला तर, कार्यक्रमातून येईल अशी खात्री असलेल्या रकमेच्या चौथाईपेक्षा जास्त आधी खर्च करायचा नाही. आमच्या पहिल्या मेळाव्यात आम्ही मांडव, स्टेज आणि स्पीकर भाड्याने आणले. दिवसभर गर्दी होती, सगळे खूश होते, आणि रात्री हिशेब केला तर हातात जेमतेम दोन हजार उरले होते. शाळेचं पटांगण, वर्गांतली बाकं, घरच्या चादरी आणि कुणाच्या तरी घरची मोठी पातेली एवढ्यात सगळं बसतं.

ताटं-वाट्या घरून आणायला सांगा. आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करणं लहान पोरांनाही पाठ आहे, तेव्हा "आपली थाळी आपण आणा" हे इथे सहज पचतं. प्लास्टिकचे पेले, प्लेटा, चमचे आणि सजावटीचा थर्माकोल यांच्यावर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे तो खर्च तसाही करायचा नाहीच.

अगदी पहिल्यांदा करतोय. सगळ्यात सोपं काय?

रविवारचे पोहे. इंदूरमध्ये यावर वाद होणार नाही.

इंदुरी पोहे परतून होत नाहीत, वाफेवर होतात, आणि तेच आपल्या फायद्याचं आहे. भिजवून मसाला लावलेले पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवले की दोन तास मऊ आणि गरम राहतात. लोक सात वाजता येवोत की नऊला. वर सेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. डाळिंब स्वस्त असेल तर तेही.

हिशेब असा मांडा. एक किलो पोह्यात साधारण अठरा प्लेटा होतात, म्हणजे शंभर प्लेटांना साडेपाच किलो. पोहे ६० रुपये किलो धरले तर ३३०, सेवेचे २५०, कांदा-लिंबू-तेल-कोथिंबीर मिळून २५०, जिरावणाचे ७०. एकूण ९००. प्लेट २५ रुपयांना दिली तर २५०० येतात, हातात १६०० राहतात. हे भाव उदाहरणापुरते आहेत, आपले आपण सियागंजात विचारून घ्या. किराणा तिथून एकगठ्ठा आणला तर फरक पडतोच. जलेबी मात्र घरी करायला जाऊ नका. जवळच्या हलवायाला सांगा, किलोच्या भावाने घ्या, तोलून विका.

महिन्यातून एक रविवार, असे चार रविवार केले तर एखाद्या मोठ्या मेळाव्याइतकी रक्कम उभी राहते आणि कुणी दमत नाही.

सराफ्यासारखी "खाऊगल्ली" शाळेत करता येईल का?

येईल, आणि मुलांना ती सगळ्यात जास्त आवडते. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर सराफ्यात जी रात्रीची खाऊगल्ली भरते, ती इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. त्यामुळे कल्पना समजावावी लागत नाही. प्रत्येक इयत्तेच्या पालकांना एकच पदार्थ द्या: एका वर्गाला भुट्ट्याचा कीस, एकाला साबुदाणा खिचडी, एकाला शिकंजी. (आपली शिकंजी म्हणजे दुधाची, घट्ट, महाराष्ट्रातून नव्याने आलेले पालक लिंबूपाणी समजून बसतात, त्यांना आधी सांगा.) थंडीत गराडू (तळून खायचा कंद) ठेवाच, पण तळणीची कढई मुलांच्या वाटेपासून लांब, भिंतीच्या कडेला, आणि तिथे फक्त मोठी माणसं.

दोन वर्गांनी एकच पदार्थ करायचा नाही. यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात, तेव्हा चिठ्ठ्या टाकून पदार्थ वाटा.

रात्री उशिरापर्यंत मात्र नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि शाळेभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा तर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. स्पीकरविनाच करा. मुलांच्या आरोळ्या पुरतात.

आपल्या सणांना धरून काय करता येईल?

इथे मी थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी घरांकडे जे आहे ते विकत मिळत नाही.

गणपतीआधी मूर्ती करायची कार्यशाळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली होती, तेव्हापासून मातीच्या मूर्तीसाठी पालक आपणहून विचारतात. माती कुंभाराकडून घ्या. माळव्याची काळी माती शेताला सोन्यासारखी असली तरी वाळताना आक्रसते आणि भेगा पडतात, पहिल्या वर्षी आमच्या निम्म्या गणपतींचे कान त्यामुळेच निखळले. मूर्ती वीतभरापेक्षा मोठी नको. सोंड आणि हात चिकटवताना दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा. मग सावलीत वाळवायची, उन्हात नाही. मुलामागे शंभर रुपये ठेवा, त्यातून कुंभारदादांचं मानधन प्रामाणिकपणे द्या. ते शिकवायला येतात, फुकट राबायला नाही. ज्या मुलाला शंभर जमत नाहीत त्याला माती तशीच द्या, विचारू नका.

नवरात्रात भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. याला खर्च जवळजवळ शून्य आहे. वीस घरांतून वीस झाकलेले डबे येतात, घरटी तीस रुपये प्रवेश ठेवला तरी मैदान भरतं. पण याचं खरं धन आज्या आहेत. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या कितीतरी घरांत अशा आज्या आहेत ज्यांना सगळी गाणी पाठ आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना खुर्च्या मांडून मध्ये बसवा. आमच्याकडे एका आजींनी सलग पाऊण तास गाणी म्हटली आणि त्यांची नात, जी घरीही हिंदीतच बोलायची, त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिली. मुलग्यांनाही फेरात घ्या. हिंदीभाषक मैत्रिणींना बोलवा, खिरापत ओळखण्यात त्या आपल्यापेक्षा तरबेज निघतात.

दिवाळीत कागदाचे आकाशकंदील आणि रंगवलेल्या पणत्या. मुलांनी केलेला कंदील थोडा वाकडा असतो, तरी शेजारीपाजारी कौतुकाने घेतात. पणत्या कुंभाराकडून शेकड्याने घेतल्या तर फार स्वस्त पडतात.

संक्रांतीला तिळगूळ संध्याकाळ. वाण म्हणून मुलांनी केलेले कागदी पुस्तकखुणांचे संच ठेवता येतात. एक विनंती मनापासून: हळदीकुंकू असं नाव देऊन फक्त सवाष्णींना बोलावू नका. शाळेत अशा आया आहेत ज्या एकट्याने मुलं वाढवत आहेत. "तिळगूळ घ्या" म्हणायला कुंकू लागत नाही. सगळ्यांना बोलवा, बाबांनाही.

नाटक बसवलं तर तिकीट लावता येईल?

इंदूरच्या मराठी माणसाला नाटकाला बोलावणं म्हणजे अर्धं काम झालंच. शाळेच्या सभागृहात, घरच्या साड्यांचे पडदे लावून तासाभराचं बालनाट्य फार छान होतं. बाहेरचं नाट्यगृह भाड्याने घेतलंत की नफा गेला.

एक गोष्ट मात्र पाळा. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी फक्त शाळेची माणसं आणि पालक यांच्यासमोर प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. पण बाहेरच्या प्रेक्षकांना तिकीट विकायचं असेल तर लेखकाची परवानगी आधी घ्या. त्याहून सोपं म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेलं नाटक. अहिल्याबाई होळकरांच्या आयुष्यावर आमच्या सातवीच्या मुलांनी पाच प्रवेश लिहिले होते. जन्म १७२५, मृत्यू १७९५, मधल्या सत्तर वर्षांत काय काय झालं ते शोधायला ती मुलं महिनाभर पुस्तकं उलगडत होती. होळकरांच्या राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या मुलांना तो वाडा पहिल्यांदा "दिसला", असं त्यांच्या बाईंनी मला सांगितलं.

जुनी पुस्तकं आणि गणवेश विकावेत का?

गोष्टींची पुस्तकं, दिवाळी अंक, मासिकं जरूर विका. दहा-वीस-तीस असे तीनच भाव ठेवा. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मात्र विकू नका, अदलाबदल करा, तेही फुकट. मार्चअखेर, नवं सत्र सुरू व्हायच्या आत. खजुरी बाजारात पुस्तकांच्या गर्दीत उभं राहून दोन मुलांच्या याद्यांचा हिशेब करणाऱ्या आईला त्या दिवशी जे वाचतं, ते आपल्या पेटीत पडलं नाही तरी चालेल. पालक संघाचा प्रत्येक उपक्रम कमावणारा असायलाच हवा असं नाही.

रद्दी गोळा करणं अजून चालतं का?

चालतं, पण घरोघरी पेपर कमी झालेत, म्हणून वर्षातून दोनदाच करा: दिवाळीच्या साफसफाईत आणि परीक्षा संपल्यावर. शंभर घरांनी पाच-पाच किलो आणली तर पाचशे किलो. किलोला १२ रुपये भाव मिळाला असं धरलं तर सहा हजार, आणि खर्च फक्त सुतळीचा. दोन रद्दीवाल्यांना भाव विचारा, वजनकाटा शाळेत आणायला सांगा, वजन करताना दोन पालक उभे राहा. वह्यांची कोरी पानं फाडून आधी वेगळी काढा. त्यांच्या शिवलेल्या कच्च्या वह्या होतात.

मुलांच्या अभ्यासाशी जोडलेलं काही आहे का?

आहे, आणि माझं ते सगळ्यात लाडकं आहे. "दहा हजार पानं." सगळ्या शाळेने मिळून एका महिन्यात अवांतर वाचनाची दहा हजार पानं वाचायची. दोनशे मुलांनी प्रत्येकी पन्नास पानं वाचली की झालं. माजी विद्यार्थी, डॉक्टर, दुकानदार यांच्यापैकी दहा जणांनी हजार-हजार पानं "घ्यायची", पानाला एक रुपया. पैसे दहा हजार, खर्च एका फलकाचा.

इथे एक काळजी घ्या. कुणी किती वाचलं याची स्पर्धा लावू नका. जो मुलगा अडखळत वाचतो त्याची पाच पानंही त्याच दहा हजारांत धरली जातात, हे त्याला कळू द्या.

मुलांना कूपन विकायला घरोघरी पाठवावं का?

नाही. सुरक्षिततेचं कारण तर आहेच. शिवाय ज्याचे काका-मामा पैसेवाले त्याची कूपनं एका दिवसात खपतात आणि दुसरा मुलगा पूर्ण पुस्तक तसंच परत आणतो. "सर्वांत जास्त निधी जमवणारा विद्यार्थी" असं बक्षीस तर कधीच ठेवू नका.

लकी ड्रॉ किंवा हौजी?

पैसे घेऊन तिकीट आणि नशिबाने बक्षीस, म्हणजे लॉटरी. १९९८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे लॉटरी राज्य सरकारंच काढू शकतात, आणि परवानगीविना लॉटरी चालवणं गुन्हा आहे. "शाळेसाठीच तर आहे" हे उत्तर पुरत नाही. हौजी खेळायची तर फुकट खेळा, मजेसाठी. पैसे लावायचे ते कौशल्याच्या खेळांना: चेंडूने डब्यांचा मनोरा पाडणे, रिंग टाकणे, मिनिटात किती सुया ओवता ते. सुया ओवण्यात आजोबांनी आजींना हरवलं तेव्हा आमच्याकडे टाळ्या थांबत नव्हत्या.

घरचे पदार्थ विकण्याबद्दल काही नियम?

अन्न विकायचं तर लहान विक्रेत्यालाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते. म्हणून दिवाळीचा फराळ सगळ्यांनी करून विकण्यापेक्षा, पालकांपैकी जी ताई किंवा काकू आधीच नोंदणी करून फराळाचा व्यवसाय करते, तिला मागणी मिळवून द्या आणि किलोमागे ठरलेली रक्कम संघाला घ्या. तिचाही धंदा वाढतो. मेळाव्यात शिजवायचं असेल तर शाळेशी बोलून आधी रीतसर काय लागतं ते पाहा. प्रत्येक पदार्थासमोर शेंगदाणे, दूध, काजू यांपैकी काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्या खिचडीत आणि चटणीत दाणे असतातच.

पैसे हाताळायचे कसे? नंतर बोलणी नकोत.

स्टॉलवर रोख घ्यायचीच नाही. दाराशी एकच टेबल, तिथे दहा आणि वीसची क्रमांक घातलेली कूपनं, दोन रंगांत. स्टॉलवर फक्त कूपन चालेल. संध्याकाळी विकलेली कूपनं आणि पेटीतले पैसे जुळले पाहिजेत. मोजायला दोन माणसं, दोघं एकाच घरची नकोत. क्यूआर कोड संघाच्या किंवा शाळेच्या खात्याचा लावा, कुणाच्या खासगी फोनचा नाही, मग तो माणूस कितीही सरळ असो. सुट्टे पैसे शनिवारीच आणून ठेवा.

हिशेब तीन दिवसांत फलकावर: आले किती, गेले किती, उरले किती, आणि बिलं बघायची असतील तर कुणाकडे आहेत. आमच्या फलकावर एकदा सुतळीचे चाळीस रुपयेही लिहिले होते. एक पालक हसले, आणि पुढच्या वेळी त्यांनीच पंख्यांचे पैसे दिले.

मोठे देणगीदार करसवलतीची पावती मागतात. ८०जी म्हणून ओळखली जाणारी ती सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. मान्यता नसेल तर स्पष्ट सांगा. संघ कायमचा चालवायचा असेल तर मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदणी करता येते. बँकेत स्वतंत्र खातं उघडणं मग सोपं जातं.

कोणते दिवस टाळावेत?

रंगपंचमी, कारण त्या दिवशी सगळं शहर गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याकडे असतं. अनंत चतुर्दशी, कारण रात्रभर झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) निघतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचे डोळे उघडत नाहीत. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. मे महिन्यातलं ऊन तर विचारूच नका. नोव्हेंबर ते जानेवारी हे आपले दिवस.

पालक येतच नाहीत. नेहमीचे पाच-सहा जणच राबतात.

"मदत हवी आहे" असं गटावर टाकलं की कुणी उत्तर देत नाही. "रविवारी साडेसहा ते साडेसात, कांदा चिरायला दोन माणसं हवीत" असं लिहा, नावं येतात. वेळ एक तासाचीच मागा आणि तासाने खरंच सोडा. मीटिंगला न येणाऱ्या बाबांना टेबलं उचलायला बोलवा, ते येतात. एका रिक्षा चालवणाऱ्या बाबांनी आमची पातेली वर्षभर ने-आण केली, एकाही मीटिंगला न बसता. फलकावर त्यांचं नाव सगळ्यात वर होतं.

ठरवल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर?

लगेच खर्च करू नका आणि गुपचूप पुढच्या वर्षात ढकलूही नका. सभा घ्या, दोन-तीन गरजा मांडा, हात वर करून ठरवा. आमचे एकदा ३४०० उरले होते. कुणी म्हणालं पडदे, कुणी म्हणालं कॅरम. मग चौथीतल्या मुलांना विचारलं, तर त्यांनी पाण्याच्या टाकीजवळ खालच्या उंचीवर आणखी दोन नळ मागितले, कारण पहिलीच्या मुलांचा हात पोचत नव्हता.

नळ बसले. प्लंबरने मजुरी घेतली नाही, त्याची मुलगी पहिलीत होती.